डाग त्वचेवर, लक्ष हृदयावरही

प्रस्तावना

त्वचेचा लिम्फोमा झालेल्या माणसाला त्याच्या हृदयाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. त्वचारोगतज्ज्ञ चट्टे पाहतात, कर्करोगतज्ज्ञ गाठी आणि रक्त पाहतात, आणि फॅमिली डॉक्टर ‘मोठ्या दवाखान्यात चालू आहे ना, मग तेच सगळं बघतील’ असे म्हणून मोकळे होतात. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. घरीही तीच गत. कॅन्सरचे निदान झाले की बाकीचे आजार किरकोळ वाटू लागतात. बीपीची गोळी संपून महिना झाला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

ही पुस्तिका या दुर्लक्षाविषयी आहे. तिच्या लेखिका त्वचारोगतज्ज्ञ आहेत आणि मी फिजिशियन. ‘त्वचेचं मी लिहिलंय, हृदयाच्या बाजूनं तुम्ही लिहा,’ असे त्यांनी सांगितले, म्हणून ही प्रस्तावना नेहमीपेक्षा लांबली आहे. मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे: सुरुवातीच्या टप्प्यातला त्वचेचा लिम्फोमा असलेला माणूस बहुधा त्या लिम्फोमाने दगावत नाही. त्याच्यापुढे पुष्कळ वर्षे असतात. ती वर्षे धडधाकटपणे जायची असतील तर हृदय सांभाळणे हा त्याच्या कॅन्सरच्या उपचाराचाच एक भाग मानला पाहिजे.

आधी आजाराची ओळख करून घेऊ. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी हा एक पहारेकरी गट. त्यांतल्या काहींचा मुक्काम त्वचेत असतो. अशा पेशींचे एखादे घराणे बेबंद वाढू लागले की त्वचेचा टी-पेशी लिम्फोमा होतो. त्याच्या अनेक प्रकारांत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस. त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण याच प्रकारचे असतात. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात जाँ-लुई अलिबेर यांनी १८०६ मध्ये अळंबीसारख्या गाठी आलेल्या एका रुग्णाचे वर्णन केले, तिथून या आजाराचा लेखी इतिहास सुरू होतो. पुढे एर्नेस्त बाझँ यांनी त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: सपाट चट्टा, मग जाड उंचवट्याचा चट्टा, मग गाठ. आजही डॉक्टर याच पायऱ्यांच्या भाषेत बोलतात. १९३८ मध्ये आल्बेर सेझारी यांनी अंगभर लाली आणि रक्तात विचित्र आकाराच्या मोठ्या पेशी असलेले रूप दाखवून दिले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हा आजार बुरशीचा नाही, संसर्गाचा नाही, एकाच ताटात जेवल्याने तो कोणाला होत नाही. एवढे घरच्यांनी पहिल्याच दिवशी समजून घ्यावे.

आजार दुर्मिळ आहे. अमेरिकेतल्या नोंदींनुसार तिथे दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे सहा नवे रुग्ण सापडतात. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त, आणि पाश्चात्त्य देशांत बहुतेकांचे निदान पन्नाशी-साठीत होते. म्हणजे नेमके त्याच वयात, ज्या वयात हृदयविकारही दार ठोठावत असतो. निदानाला उशीर हा तर या आजाराचा स्वभावच आहे. पहिला चट्टा उठल्यापासून पक्के निदान होईपर्यंत तीन-चार वर्षे सहज निघून जातात. एक्झिमा म्हणून, सोरायसिस म्हणून, नायटा म्हणून मलमे लावून होतात. बायोप्सी एकदा करून भागत नाही, दोनदा-तीनदा करावी लागते, कारण सुरुवातीच्या चट्ट्यात कॅन्सरच्या पेशी साध्या दाहाच्या गर्दीत मिसळून गेलेल्या असतात.

आजार कितपत पसरला आहे हे त्वचारोगतज्ज्ञ कसे मोजतात ते पाहण्यासारखे आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा सुमारे एक टक्का. पाठीवरच्या चट्ट्यावर चार तळहात मावले, मांडीवर दोन, कमरेखाली दोन, तर आठ टक्के. दहा टक्क्यांच्या आत चपटे चट्टे असतील आणि लसिका ग्रंथी व रक्त स्वच्छ असेल तर ती पहिल्या टप्प्याची पहिली पायरी. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी या पायरीवरच्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला, तेव्हा त्यांचे आयुर्मान त्याच वयाच्या इतर लोकांपेक्षा कमी आढळले नाही, आणि आजार पुढच्या टप्प्यात गेलेले रुग्ण दहांत एकाहूनही कमी होते. या एका निष्कर्षावर ही पुस्तिका उभी आहे. ज्याला इतरांइतकेच जगायचे आहे, त्याला इतर लोक ज्या कारणांनी दगावतात त्याच कारणांची काळजी घ्यावी लागते. त्यांत पहिला क्रमांक हृदयाचा.

इथे एक बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. गाठींचा टप्पा, अंगभर लालीचा टप्पा किंवा रक्तात शिरलेला आजार यांचे गणित वेगळे असते. तिथे लिम्फोमा आणि त्वचेतून शिरणारे जंतुसंसर्ग हेच मोठे शत्रू. त्या रुग्णांनी ही पुस्तिका वाचू नये असे नाही. त्यांच्यासाठीची प्रकरणे वेगळी आहेत आणि त्यांत हृदयाचा प्रश्न औषधांच्या अंगाने येतो, त्याकडे मी पुढे वळतो.

आता मूळ प्रश्न. त्वचेच्या लिम्फोमात हृदयाचा धोका खरोखर वाढतो का, की उतारवयात दोन आजार योगायोगाने एका घरात राहायला येतात?

या प्रश्नाकडे वैद्यकाचे लक्ष सोरायसिसमुळे गेले. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून गेल्फंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सोरायसिसच्या रुग्णांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका धूम्रपान, मधुमेह वगैरे बाजूला काढूनही जास्त असतो. तिशीतल्या तीव्र सोरायसिसच्या रुग्णात तो सुमारे तिप्पट निघाला, साठीत हा फरक बराच कमी झाला. त्वचेतला दाह त्वचेपुरता राहत नाही, तो रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो, हा विचार तेव्हापासून रुजला.

मायकोसिस फंगॉइडिसचा चट्टाही दाहाचाच असतो. कॅन्सरच्या पेशी थोड्या आणि त्यांच्याभोवती जमलेल्या इतर पेशी पुष्कळ, असे सुरुवातीच्या टप्प्यातले चित्र. मग त्याचे काय? डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या आजारांची नोंद देशपातळीवर होते. त्या नोंदींवरून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मायकोसिस फंगॉइडिसच्या प्रत्येक रुग्णासमोर त्याच वयाचे, त्याच लिंगाचे दहा लोक ठेवून दोन्ही गटांतले हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात मोजले गेले. निदानानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत रुग्णांचा धोका वाढलेला दिसला. त्यानंतर तो इतरांच्या बरोबरीला आला.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना मी दोन गोष्टी लक्षात ठेवतो. एक, अशा नोंदींच्या अभ्यासात कोण किती सिगारेट ओढतो, कोणाच्या पोटाचा घेर किती, याचा हिशेब नीट बसत नाही. त्यामुळे ‘लिम्फोमामुळेच धोका वाढला’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन, तरीही रुग्णाच्या दृष्टीने कारणापेक्षा वेळ महत्त्वाची. धोका पहिल्या काही वर्षांत असेल, तर ‘आधी त्वचेचं बघू, हृदयाचं नंतर’ हे धोरण चालणार नाही. नेमकी तीच वर्षे निसटून जातील.

दाह आणि हृदय यांचे नाते कसे असते? एकेकाळी रोहिणीत चरबी साचते आणि ती चोंदते, एवढेच सांगितले जाई. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी रोहिणीकाठिण्याला सरळ दाहाचा आजार म्हटले. रोहिणीच्या भिंतीतल्या चरबीच्या थरात टी-पेशी आणि भक्षक पेशी बसलेल्या असतात. त्या थर मऊ करतात, तो फुटतो, त्यावर रक्त गोठते आणि झटका येतो. दाह थेट कमी केला तर झटके कमी होतात का, हे पाहणारी कँटोस नावाची मोठी चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांत कॅनाकिनुमॅब या औषधाने कोलेस्टेरॉलला हात न लावता पुढचे झटके काही प्रमाणात कमी केले. पण जीवघेणे संसर्गही वाढवले. दोनच वर्षांत दुसऱ्या चाचणीत मेथोट्रेक्सेटचा आठवड्याला एकदा दिला जाणारा कमी डोस तपासला गेला, त्याने झटके कमी झाले नाहीत. मेथोट्रेक्सेट त्वचेच्या लिम्फोमातही वापरतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो. त्वचेसाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, म्हणजे हृदयाचेही आपोआप बघितले जाते, असा समज कोणी करून घेऊ नये.

दाहाखेरीज दुसरी वाट रोजच्या जगण्यातून जाते. या आजाराची खाज साधी नसते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत माणूस नखांनी, कंगव्याने, खरखरीत टॉवेलने अंग खाजवत बसतो. झोप मोडली की रक्तदाब चढतो, वजन वाढते, मन खचते. घाम आला की खाज वाढते म्हणून चालणे बंद होते. अंगावरचे डाग लोकांना दिसू नयेत म्हणून लग्नाकार्याला जाणे बंद होते, सकाळी मैदानावरची मंडळी भेटेनाशी होतात. हे सारे कोणत्याही रिपोर्टमध्ये येत नाही, पण हृदयाच्या खात्यावर जमा होत राहते.

तिसरी वाट खुद्द उपचारांतून जाते, आणि पुस्तिकेचा सर्वांत उपयोगी भाग मला तोच वाटतो. या आजाराच्या औषधांतली काही हृदयाला सरळ स्पर्श करतात, काही आडवळणाने.

आडवळणाचे ठळक उदाहरण म्हणजे बेक्सारोटीन. व्हिटॅमिन ‘अ’च्या कुळातली ही गोळी अमेरिकेत १९९९ च्या अखेरीस या आजारासाठी मान्य झाली. ती चट्ट्यांवर चांगली चालते, पण बहुतेक रुग्णांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड भराभर वाढवते. दोन ते चार आठवड्यांतच. अशा रुग्णाची रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली की खाली लाल थर आणि वर पिवळसर पाण्याऐवजी दुधासारखा पांढरा थर दिसतो. हजाराच्या वर गेलेल्या ट्रायग्लिसराइडचा तो रंग. त्या पातळीला स्वादुपिंडाला सूज येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून बेक्सारोटीन सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल करून घेतात, फेनोफायब्रेट आधीच सुरू करतात, लागेल तशी स्टॅटिनची भर घालतात, आणि सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी रक्त पाहतात. फायब्रेटच्याच कुळातले जेमफायब्रोझिल मात्र अजिबात द्यायचे नाही, कारण ते बेक्सारोटीनचीच रक्तातली पातळी वाढवते. फेनोफायब्रेट आणि स्टॅटिन बरोबर घेणाऱ्याला पोटऱ्या-मांड्या दुखू लागल्या किंवा लघवी काळपट झाली तर त्याने त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

याच औषधाची दुसरी खोड थायरॉइडची. बेक्सारोटीन मेंदूतल्या पिट्युइटरी ग्रंथीला गप्प बसवते, त्यामुळे टीएसएच खाली जातो आणि त्याबरोबर थायरॉइडचे संप्रेरकही. फॅमिली डॉक्टरांसमोर रिपोर्ट येतो तेव्हा त्यावर टीएसएच जवळजवळ शून्य असतो. नेहमीच्या सवयीने त्याचा अर्थ ‘थायरॉइड जास्त झालंय, गोळी कमी करा’ असा लावला जातो. इथे नेमके उलटे असते. गोळी कमी केली तर माणूस थंड, सुस्त होतो, नाडी मंदावते आणि कोलेस्टेरॉल आणखी वाढते. म्हणून या रुग्णात टीएसएचवर भरवसा न ठेवता फ्री टी४ पाहायचा असतो. हृदयविकार आधीपासून असेल तर थायरॉक्सिनचा डोस हळूहळू वाढवायचा असतो. हे एक पान जरी प्रत्येक फॅमिली डॉक्टरने वाचले, तरी पुस्तिकेचा छपाईखर्च वसूल झाला असे मी म्हणेन. आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञांच्या जास्त ओळखीचे असलेले अॅसिट्रेटिनही याच कुळातले. तेही ट्रायग्लिसराइड वाढवते, म्हणून तिथेही लिपिडची तपासणी टळत नाही.

सरळ हृदयावर जाणारे औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. वाढलेल्या आजारात त्याचे लायपोसोममध्ये बंद केलेले रूप वापरतात. ते मूळ रूपापेक्षा हृदयाला सौम्य असते, तरी या औषधाच्या एकूण साठत गेलेल्या मात्रेचा हिशेब ठेवावाच लागतो. म्हणून सुरू करण्याआधी आणि मधूनमधून इको काढतात, हृदयाची रक्त फेकण्याची ताकद पाहतात. रोमिडेप्सिनने इसीजीत बदल होऊ शकतात, म्हणून त्याआधी रक्तातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम नीट आहे ना हे पाहायचे असते. व्होरिनोस्टॅटने पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊ शकते, एका पोटरीला अचानक सूज आली तर थांबायचे नाही. फोटोफेरेसिस या उपचारात रक्त काही वेळ शरीराबाहेरच्या यंत्रात असते, तेव्हा दुबळ्या हृदयाच्या रुग्णाबाबत आधी विचार करावा लागतो. स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर साखर, रक्तदाब आणि वजन तिन्ही वाढतात. ही बाब बहुतेकांना माहीत असते. पण मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली स्टिरॉइडची मलमे वर्षानुवर्षे अंगभर फासली तर तीही रक्तात उतरू शकतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते.

काही उपचार मात्र हृदयाच्या दृष्टीने निर्धास्त आहेत, तेही सांगायला हवे. अख्ख्या त्वचेवर दिले जाणारे इलेक्ट्रॉन किरण त्वचेच्या काही मिलिमीटरपलीकडे फारसे जात नाहीत, त्यामुळे छातीवर किरण दिले तरी हृदयापर्यंत पोचत नाहीत. अरुंद पट्ट्याच्या अतिनील प्रकाशाचा हृदयाला थेट त्रास नाही. तिथे गोष्ट उलट दिशेची आहे: हृदयाची औषधे त्वचेला नडू शकतात. रक्तदाबासाठीचे हायड्रोक्लोरोथायझाइड आणि ठोक्यांसाठीचे अमिओडारोन या दोन्हींमुळे त्वचा प्रकाशाला हळवी होते. प्रकाशोपचार घेणाऱ्याने आपल्या सगळ्या गोळ्यांची यादी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी, ती यासाठीच. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये, पर्याय असतात.

अंगभर लाली आलेल्या रुग्णाचे हृदय वेगळ्याच कारणाने दमते. एरवी विश्रांतीत मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त त्वचेतून फिरते. संपूर्ण त्वचा लाल होऊन तिच्यातल्या रक्तवाहिन्या उघड्या राहिल्या की हा ओघ कितीतरी पटींनी वाढतो आणि हृदयाला रात्रंदिवस जास्त रक्त ढकलावे लागते. वयस्क माणसात त्यातून पायांना सूज, धाप आणि हृदय निकामी होण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. अशा रुग्णाची नाडी बसल्या जागी शंभराच्या वर दिसली तर ती घाबरल्याने वाढली असेल असे समजून सोडून देऊ नये.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात या आजाराची दोन वैशिष्ट्ये आहेत. इथे रुग्ण तुलनेने तरुण असतात, आणि सावळ्या त्वचेवर चट्टे लाल दिसण्याऐवजी फिकट, पांढुरके दिसण्याचे प्रमाण बरेच आहे. कमरेखाली, मांड्यांवर, नितंबांवर, म्हणजे ऊन न लागणाऱ्या भागावर असे फिकट चट्टे आले की आपल्या गावात पहिली शंका कोडाची किंवा कुष्ठरोगाची येते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवला तर स्पर्श कमी जाणवतो. या चट्ट्यावर तो नीट जाणवतो. तरीही काही रुग्ण कुष्ठरोगाचे औषध घेऊन, काही कोडाची मलमे लावून वर्षे घालवतात. या वर्षांत हृदयाचा हिशेब कोणी उघडत नाही, कारण आजार ‘कातडीचा’ असतो.

आणि आपले हृदय तर लवकर थकते. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी आला. इतर देशांत तो जवळजवळ सहा वर्षे उशिरा येत होता. त्याच अभ्यासाने दाखवले की झटक्यांचा नव्वद टक्क्यांच्या आसपास धोका तंबाखू, कोलेस्टेरॉलचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर अशा नऊ ओळखीच्या गोष्टींत सामावतो. या सगळ्या मोजता येतात आणि बदलता येतात. महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न विचारण्याची रीतही वेगळी हवी. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की बाई नाही म्हणते. ‘दात कशाने घासता?’ असे विचारले की मशेरीची डबी निघते. दिवसातून चार वेळा मशेरी लावणारीच्या रक्तात निकोटिन जातेच, आणि हृदय ते सुपारीबरोबरच्या तंबाखूइतकेच ओळखते. त्वचेच्या लिम्फोमाच्या केसपेपरवर हा प्रश्न असला पाहिजे.

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे पाठवले गेले होते. पाठीवर आणि मांड्यांवर चट्टे, अतिनील प्रकाशाचे उपचार चालू, आजार पहिल्या टप्प्यातला. बीपी १७० वर १०२. मी गोळ्या लिहू लागलो तसे ते म्हणाले, ‘डॉक्टर, आम्हाला कॅन्सर झालाय आणि तुम्ही कोलेस्टेरॉलचं काय घेऊन बसलात?’ शेजारी बसलेल्या मुलाने मान खाली घातली. मी म्हणालो, ‘गुरुजी, हा कॅन्सर तुम्हाला नातवाच्या लग्नापर्यंत सोबत करणार आहे. बीपी तेवढा थांबणार नाही.’ ते हसले आणि गोळ्या घेऊ लागले. प्रत्येक रुग्ण हसेल असे नाही. पण पुस्तिकेने घरोघरी जाऊन हाच संवाद करावा, अशी माझी अपेक्षा आहे.

हृदयाचा धोका अंकांत मांडणारी साधने या रुग्णांचा धोका कमी लेखतात, हेही डॉक्टर वाचकांनी लक्षात घ्यावे. ब्रिटनमधल्या २०१७ च्या क्यूरिस्क-३ या गणनेत संधिवात, ल्युपस आणि स्टिरॉइडच्या गोळ्या यांना जागा आहे. त्वचेच्या लिम्फोमाला नाही. त्यामुळे गणनेत ‘मध्यम’ निघालेल्या रुग्णाकडे थोडे अधिक गांभीर्याने पाहावे, एवढे तारतम्य हवे. त्यासाठी महागड्या तपासण्यांची गरज नाही. निदानाच्या पहिल्या भेटीत रक्तदाब, वजन आणि कमरेचा घेर, साखर, लिपिड प्रोफाइल आणि एक इसीजी. बेक्सारोटीनच्या कुळातली गोळी द्यायची असेल तर लिपिड उपाशीपोटीच करावे. इथे रुग्णाला स्पष्ट सांगावे लागते की एकादशीचा उपास करून, साबुदाण्याची खिचडी खाऊन दिलेले रक्त यात चालत नाही. दहा-बारा तास पाण्याखेरीज काही नको.

पुस्तिकेच्या मांडणीबद्दल दोन शब्द. पहिली तीन प्रकरणे रुग्ण आणि घरच्यांसाठी आहेत, त्यांत वैद्यकीय शब्द जेवढ्यास तेवढे. चौथे प्रकरण औषधवार आहे. ते फॅमिली डॉक्टरांना दाखवावे, त्यांनी वेळ नाही म्हटले तर त्यातले एक पान फाडून द्यावे, लेखिकेची हरकत नाही. शेवटी एक तक्ता आहे: तारीख, बीपी, नाडी, वजन, साखर, लिपिड, चालू गोळ्या. तो वहीसारखा वापरावा आणि त्वचेच्या, कॅन्सरच्या आणि घरच्या, तिन्ही डॉक्टरांसमोर तोच ठेवावा. तीन दवाखान्यांतल्या तीन फायली एकमेकींशी बोलत नाहीत. हा तक्ता ते काम करेल.

वाचकाला दोन इशारे द्यावेसे वाटतात. हे वाचून घाबरून लिम्फोमाचे कोणतेही औषध बंद करू नका. वर सांगितलेला प्रत्येक दुष्परिणाम वेळेत पाहिला तर हाताळता येतो, आणि न आवरलेला आजार हृदयालाही चांगला नाही. दुसरे, हृदयाच्या धास्तीने स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन सुरू करू नका. ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही याचे नियम गेल्या काही वर्षांत बरेच कडक झाले आहेत. त्वचेवर जखमा असतील, प्लेटलेट कमी असतील तर ती अंगाशी येऊ शकते.

चालणे मात्र कोणालाही विचारून सुरू करावे लागत नाही. सकाळी ऊन चढण्याआधी, सुती सैल कपड्यांत, अंगाला मलम लावून अर्धा तास. खाज वाढली तर वेग कमी करा, चालणे बंद करू नका. चालताना छाती भरून आली, धाप लागली किंवा घाम फुटला तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी दाखवा, ‘त्वचेच्या पुढच्या तारखेला सांगू’ असे म्हणून लांबवू नका.

डॉक्टर मित्रांना माझी विनंती अशी की त्वचेच्या लिम्फोमाच्या रुग्णाचे बीपी कोण बघणार हे ठरल्याशिवाय त्याला पुढच्या दवाखान्यात पाठवू नका. आणि रुग्णांना एवढेच सांगणे: पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून न्या, आणि चट्टे दाखवून झाले की स्वतःहून म्हणा, ‘डॉक्टर, माझं बीपी बघा.’